हँडल जखडू नका

सायकलमध्ये बेअरिंगच्या मोठ्या जागा चार: पुढचं चाक, मागचं चाक, पेडलच्या क्रँकचा आस आणि हँडल. यांपैकी पहिल्या तीन ठिकाणचे छर्रे सायकल चालू असेपर्यंत जवळजवळ सतत फिरत असतात. अठ्ठावीस इंची चाकाची साधी काळी सायकल चाकाच्या एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास अंतर कापते, म्हणजे किलोमीटरमागे चाक साधारण साडेचारशे वेळा फिरतं. त्याच किलोमीटरभरात हँडल मात्र जवळजवळ जागचं हलत नाही. सरळ रस्त्यावर तोल सांभाळण्यासाठी ते एक-दोन अंश इकडे-तिकडे होतं आणि दहा मीटर त्रिज्येच्या वळणावरही सहा-सात अंशांच्या पलीकडे फारसं जात नाही. जे जास्त फिरतं ते आधी झिजतं, या हिशेबानं हँडलचं बेअरिंग सायकलच्या इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त टिकायला हवं. तरीही चाकं ठणठणीत असलेल्या अनेक सायकलींचं हँडल सरळ रेषेत येताच अडकल्यासारखं होतं, किंवा ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग खडखडतो. खडखड ऐकू आली की बहुतेक जण पाना घेतात आणि वरचा नट जमेल तितका आवळतात. आवाज थांबतो आणि दुरुस्ती झाली असं वाटतं. प्रत्यक्षात हा उपायच बहुतेक वेळा बेअरिंगचं उरलेलं आयुष्य संपवतो. हँडलचं बेअरिंग फिरून झिजत नाही; ते एका जागी थांबून आणि जास्त आवळलं जाऊन खराब होतं. हे एकदा लक्षात आलं, की त्याची देखभाल घरी करणं अवघड राहत नाही, कारण तिला ताकदीची गरज कमी आणि संयमाची जास्त असते.

आधी रचना समजून घेऊ. फ्रेमच्या अगदी पुढे एक आखूड, किंचित तिरकी उभी नळी असते. पुढच्या चाकाला धरणाऱ्या चिमट्याची, म्हणजेच फोर्कची दांडी या नळीतून वर जाते आणि वर तिला हँडल जोडलेलं असतं. नळीच्या दोन्ही तोंडांना एकेक बेअरिंग बसवलेलं असतं. या संपूर्ण जोडणीला हेडसेट म्हणतात. जुन्या पद्धतीच्या सायकलीत प्रत्येक बेअरिंग म्हणजे दोन गोलाकार वाट्या आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बसलेले छर्रे, इतकंच असतं. खालच्या बेअरिंगची एक वाटी फ्रेममध्ये दाबून बसवलेली असते, तर दुसरी चिमट्याच्या खांद्यावर. वरच्या बेअरिंगची एक वाटी फ्रेममध्ये असते आणि दुसरी दांडीच्या आट्यांवर फिरवून वर-खाली करता येते. तिच्यावर वॉशर आणि सर्वांत वर चेक नट. आट्यांची ही पद्धत शंभर वर्षांहून जास्त काळ चालली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बिनआट्याचा हेडसेट आला आणि आता गिअरच्या बहुतेक सायकलींत तोच दिसतो. त्यात दांडी गुळगुळीत असते, हँडल धरणारा स्टेम तिच्यावर बाहेरून आवळला जातो आणि वरच्या टोपीतला बोल्ट बेअरिंगवर किती दाब पडावा ते ठरवतो. दोन्ही पद्धती दिसायला वेगळ्या असल्या तरी काम एकच: चिमटा वर-खाली किंवा पुढे-मागे डुगडुगू न देता त्याला डावी-उजवीकडे मोकळं वळू देणं.

ही दोन बेअरिंगं फिरत नसली तरी त्यांच्यावरचा भार हलका नसतो. चिमटा ही एक लांब तरफ आहे. समजा चाकाच्या आसापासून खालच्या बेअरिंगपर्यंतचं अंतर 40 सेंटीमीटर आहे आणि दोन बेअरिंगमधलं अंतर 13 सेंटीमीटर. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं आणि आसाला मागच्या दिशेनं 20 किलोचा धक्का बसला, तर तरफेच्या हिशेबानं वरच्या बेअरिंगवर सुमारे 60 किलोचा आणि खालच्या बेअरिंगवर 80 किलोहून जास्त जोर येतो. सायकलस्वाराचं वजन याशिवाय वेगळं. पुढचा ब्रेक जोरात दाबल्यावरही असंच होतं. दर धक्क्याला चिमटा किंचित मागे वाकतो आणि परत येतो. हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही, पण बेअरिंगमधल्या छर्ऱ्यांना ते जाणवतं. खालच्या बेअरिंगचं दुखणं आणखी एका कारणानं वाढतं. पुढचं चाक उडवत असलेला चिखल, पाणी आणि धूळ थेट त्याच्या तोंडावर येते. म्हणूनच वरचं बेअरिंग नव्यासारखं असताना खालचं निकामी झालेलं आढळतं, आणि पुढचा मडगार्ड काढून टाकलेल्या सायकलीत हा फरक अधिकच स्पष्ट दिसतो.

खराब हेडसेट उघडला की वाटीत छर्ऱ्यांच्या आकाराचे बारीक खळगे दिसतात. चाक सरळ ठेवलं की सगळे छर्रे एकाच वेळी या खळग्यांत बसतात, आणि हँडल मध्यावर अडकतं ते यामुळेच. याचं प्रचलित स्पष्टीकरण असं, की खड्ड्यांचा मार बसून, उखळात मुसळ पडावं तसा छर्ऱ्यांनी वाटीवर आघात करून हे खळगे पाडले. कठीण गोळी धातूवर दाबून तिच्या खुणेवरून धातूची कठिणता मोजण्याची पद्धत स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी 1900 साली मांडली. तिच्यावरून अशा खुणांना ब्रिनेलिंग हे नाव पडलं. पण 'द बायसिकल व्हील' या 1981 सालच्या पुस्तकाचे लेखक, अमेरिकी अभियंते योब्स्ट ब्रँट यांनी या स्पष्टीकरणाला हरकत घेतली, आणि ती पटण्यासारखी आहे. नुसत्या वजनाच्या माऱ्यानं खळगे पडत असते, तर ते वाटीभर सारखे दिसायला हवेत. प्रत्यक्षात ते बहुधा पुढच्या आणि मागच्या बाजूला जास्त खोल असतात, म्हणजे चिमटा ज्या दिशेत वाकतो त्याच दिशेत. चांगल्या रस्त्यांवर, हळू चाललेल्या सायकलीतही ते आढळतात. दुसरा पुरावा सायकलीच्या बाहेरचा आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेनं दूरवर पाठवल्या जात, तेव्हा रस्त्यावर अजिबात न चाललेल्या मोटारींच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये अगदी अशाच खुणा सापडल्या. तिथे खड्डा नव्हता. होती ती फक्त डब्याची थरथर आणि चाकाचं न फिरणं.

या प्रकाराला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात आणि त्याची कार्यपद्धती हेडसेटला तंतोतंत लागू पडते. बेअरिंगमध्ये ग्रीसचं काम छर्रा आणि वाटी यांच्यामध्ये पातळ थर राखण्याचं. छर्रा घरंगळत पुढे गेला की नवं ग्रीस खाली येतं आणि थर टिकतो. आता हँडल तीन अंश वळलं तर काय होतं ते पाहा. एक इंची दांडीच्या हेडसेटमध्ये छर्ऱ्यांच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण 16 मिलिमीटर असते. तीन अंशांत वरची वाटी जेमतेम 0.8 मिलिमीटर सरकते आणि छर्रा त्याच्या निम्मं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. सरळ चालताना तर तेवढंही नाही. छर्रा मग त्याच ठिपक्यावर बसून राहतो, थरथरीनं खालचं ग्रीस बाजूला पिळून निघतं आणि धातू धातूवर अतिसूक्ष्म अंतरात घासत राहतो. सुटलेले लोखंडाचे कण लगेच गंजतात आणि त्यांची तांबूस भुकटी ग्रीसमध्ये मिसळून घासण्याचं काम पुढे चालवते. पाणी आत न गेलेल्या हेडसेटमध्येही ग्रीस कधीकधी विटकरी दिसतं, त्याचं कारण हेच. आता या स्थितीत वरचा नट आणखी आवळला तर छर्ऱ्यावरचा दाब वाढतो, ग्रीस आणखी पिळलं जातं आणि घासणं वाढतं. उलट नट सैल राहिला तर दर धक्क्याला वाट्या छर्ऱ्यांवर आपटतात. म्हणजे ढिलाईनं आघात होतो आणि घट्टपणानं उपासमार. हेडसेटला या दोन्हींच्या मधली अरुंद पट्टी हवी असते.

'थोडं सैल राहण्यापेक्षा थोडं घट्ट बरं, निदान सुरक्षित तरी' हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो तपासायचा तर सायकल उभी कशी राहते ते पाहावं लागतं. सायकलस्वार केवळ शरीर झुकवून तोल सांभाळत नाही. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. यातलं बरंचसं वळणं सायकल आपणहून करते. 1970 साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी उलट दिशेनं फिरणारं जादा चाक लावून पुढच्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम रद्द करून पाहिला, तरी ती सायकल चालवता आली. पुढे 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी आपला प्रयोग मांडला. भोवऱ्याचा परिणाम आणि चाकाचं मागे ओढलं जाणं, स्थैर्याची ही दोन्ही प्रसिद्ध कारणं काढून टाकूनही त्यांची छोटी सायकल स्वाराविना तोल राखत होती. मात्र त्यांनी अभ्यासलेल्या सगळ्या स्थिर सायकलींत एक गोष्ट समान होती: सायकल पडू लागली की पुढचं चाक त्या बाजूला वळत होतं. स्थैर्याची इतर कारणं वादाची असतील, पण हे वळणं मोकळं असणं वादाचं नाही. हेडसेट जखडला की छोट्या कलांना चाक दाद देत नाही. कल वाढतो, मग स्वार जोर लावतो, चाक खळग्यातून झटक्यात सुटतं आणि गरजेपेक्षा जास्त वळतं. सायकल सरळ जाण्याऐवजी रस्त्यावर बारीक नागमोडी चालते. वर्दळीच्या रस्त्यावर बसच्या शेजारून जाताना ही नागमोड सुरक्षित नाही. म्हणजे घट्ट हँडल ज्या कारणासाठी बरं मानलं जातं, त्याच कारणासाठी ते वाईट आहे.

याच आक्षेपाचं एक अधिक जाणकार रूपही आहे. उतारावर वेगात असताना काही सायकलींचा पुढचा भाग अचानक थरथरू लागतो, आणि हेडसेटमधलं घर्षण थोडं वाढलं की ही थरथर कमी होते. हे खरं आहे. छर्ऱ्यांऐवजी बारीक रोलर असलेले हेडसेट यासाठी वापरले गेले आहेत, कारण त्यांत घर्षण किंचित जास्त असतं. पण तिथलं घर्षण रचनेतून आलेलं, हँडलच्या प्रत्येक कोनाला सारखं असतं. छर्ऱ्यांचा हेडसेट आवळून मिळणारं घर्षण तसं नसतं. ते मध्यावर खळगे पाडतं आणि काही काळानं सगळ्यात नको त्या ठिकाणी अडथळा बनून बसतं. शिवाय या थरथरीचं मूळ बहुधा फ्रेमच्या लवचिकतेत, चाकाच्या असमतोलात, सामानाच्या मांडणीत किंवा आधीच सैल झालेल्या हेडसेटमध्ये असतं. ती सुरू झाली की गुडघा फ्रेमच्या वरच्या दांड्याला टेकवून वेग कमी करणं हा तत्काळ उपाय आहे. कायमचा उपाय दोष शोधणं हा आहे, नट आवळणं हा नाही.

दोष शोधायला हत्यार लागत नाही. पहिली तपासणी ढिलाईची. सायकल जमिनीवर उभी करून पुढचा ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्या हाताची बोटं वाटी आणि चिमटा यांच्या सांध्याभोवती गुंडाळावीत आणि सायकल पुढे-मागे हलवावी. सांधा सैल असेल तर बोटांना टिचकी जाणवते. बोटं तिथे ठेवण्याचं कारण असं, की ब्रेकचे रबर, चाकाचा आस किंवा स्प्रिंगचा चिमटाही खडखडतो आणि कानाला सगळे आवाज सारखेच वाटतात. आवाज हँडलकडून येतो म्हणून दोष हेडसेटचाच, असं मानून आवळलेले हेडसेट थोडे नाहीत. वरच्या आणि खालच्या सांध्यावर वेगवेगळं पाहावं. दुसरी तपासणी घट्टपणाची. पुढचं चाक उचलून धरावं आणि सायकल किंचित एका बाजूला कलवावी; हँडलनं आपल्याच वजनानं त्या बाजूला पडायला हवं. केबल फार आखूड असतील तर त्या हँडलला ओढतात, तेवढं ध्यानात घ्यावं. तिसरी तपासणी खळग्यांची. चाक उचललेलंच ठेवून दोन बोटांनी हँडल अगदी सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे न्यावं. मध्यावर ते घरात बसल्यासारखं थांबलं तर वाटीत खळगे आहेत. सगळीकडे सारखीच खरखर लागली तर ग्रीस संपलं आहे किंवा घाण गेली आहे. दुसऱ्या दोषाला स्वच्छता पुरते, पहिल्याला नाही. या तिन्ही तपासण्यांना मिळून दोन मिनिटं लागतात आणि महिन्यातून एकदा केल्या तर दोष रुजण्याआधीच कळतो.

आट्यांच्या हेडसेटमध्ये जुळणी करायची तर चेक नट आधी सैल करावा. दिव्याची पट्टी असलेल्या सायकलीत ती चेक नटाखाली असते. मग वरची फिरती वाटी हातानं, फार तर पान्याच्या हलक्या टेकूनं, टेकेपर्यंत खाली आणावी आणि किंचित मागे घ्यावी. हे 'किंचित' किती ते आट्यांच्या मापावरून कळतं. एक इंची दांडीवर बहुधा इंचामागे 24 आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात वाटी साधारण एक मिलिमीटर सरकते आणि फेऱ्याच्या आठव्या भागात 0.13 मिलिमीटर. ढिलाई आणि जखडणं यांतलं अंतर बहुतेक वेळा याहून मोठं नसतं. म्हणून पाव-पाव फेरे देऊन हे काम होत नाही. आता खरी मेख अशी, की चेक नट आवळताना आट्यांतली फट बुजते, वाटी थोडी आणखी खाली दाबली जाते आणि जुळणी बदलते. यावर उपाय म्हणजे वाटी एका पान्यानं धरून ठेवायची, नट दुसऱ्यानं आवळायचा आणि मुळात अगदी थोडी ढिलाई ठेवून सुरुवात करायची. नट पक्का बसल्यावर तपासणी पुन्हा करावी, आणि दोन-तीनदा करावी लागली तर ते चुकलं असं समजू नये. जुळणी अशीच होते. हँडलची खुंटी दांडीच्या आत पाचरीनं बसलेली असते, तीही शेवटी पक्की आवळून मगच अंतिम निर्णय घ्यावा. खुंटीवर कमीत कमी किती आत असावी याची रेघ असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये.

बिनआट्याच्या हेडसेटची जुळणी सोपी आहे, आणि तीत गफलतही तितकीच सोपी आहे. वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवतो असा समज सर्रास आढळतो, म्हणून खडखड झाली की आधी तोच पिळला जातो. स्टेमचे बाजूचे बोल्ट आवळलेले असताना टोपीचा बोल्ट कितीही फिरवला तरी बेअरिंगवर काही परिणाम होत नाही; फक्त दांडीत ठोकलेला, हा बोल्ट ज्यात फिरतो तो स्टार नट वर खेचला जातो. बरोबर क्रम असा: बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करावेत, टोपीचा बोल्ट ॲलन कीनं थोडा-थोडा, ढिलाई जाईपर्यंत फिरवावा, हँडल पुढच्या चाकाशी काटकोनात आणावं आणि मग बाजूचे बोल्ट आळीपाळीनं आवळावेत. बहुतेक स्टेमवर या बोल्टांसाठी 5 ते 6 न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो आणि तो पाळावा. टोपीच्या बोल्टचं काम मात्र आकड्यापेक्षा बोटांच्या अंदाजावर चालतं. एवढं करूनही ढिलाई जात नसेल तर दांडीचं टोक स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा खाली आहे का ते पाहावं. ते साधारण तीन मिलिमीटर खाली हवं. नसेल तर टोपी दांडीवरच टेकते आणि बेअरिंगपर्यंत दाब पोचतच नाही. दांडी कार्बनची असेल तर आत स्टार नट कधीही ठोकू नये. तिच्यासाठी फुगणारा वेगळा प्लग असतो.

जुळणी हा अर्धा भाग, ग्रीस हा उरलेला. महाराष्ट्रात आणि गोव्यात या कामाचा हंगाम निसर्गानंच ठरवून दिला आहे. जून ते सप्टेंबर पाणी आणि चिखल आत जातो, किनारपट्टीवर खारी हवा त्यात भर घालते. म्हणून पाऊस संपल्यावर एकदा हेडसेट उघडावा. खाली जुनी चादर अंथरावी, कारण चिमटा खाली सरकला की सुटे छर्रे घरंगळणारच. वरचे आणि खालचे छर्रे वेगळ्या डब्यांत ठेवून मोजावेत. छर्रे पिंजऱ्यात असतील तर त्यांची बाजू कोणती ते मोबाइलवर टिपून ठेवावं, कारण पिंजरा उलटा बसला की तोच वाटीवर घासतो. वाट्या रॉकेलनं स्वच्छ करून पूर्ण कोरड्या कराव्यात आणि उजेडात पाहाव्यात. साध्या सायकलच्या हेडसेटचे छर्रे बहुधा 5/32 इंचाचे, म्हणजे चार मिलिमीटरपेक्षा किंचित लहान असतात. चाकांचे छर्रे याहून मोठे, म्हणून नवे आणताना एक जुना सोबत न्यावा. छर्रे स्वस्त असतात, तेव्हा जुने-नवे मिसळू नयेत. मिसळले तर सगळा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो. वाटीत ग्रीस हात राखून नव्हे, सढळ भरावं, छर्रे त्यात चिकटवावेत आणि शेवटी साधारण एका छर्ऱ्याची जागा मोकळी सोडावी. इथे तेल चालत नाही, गंज सोडवणारे फवारेही नाहीत. ते आहे तेही ग्रीस पातळ करून वाहून नेतात. चिमटा काढलेलाच असतो, तर जुन्या ट्यूबचा चार-पाच सेंटीमीटरचा तुकडा खालच्या सांध्यावर चढवता येतो. चाकाचा चिखल अडवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. आणि खळगे फार खोल नसतील तर पिंजऱ्याऐवजी सुटे छर्रे घालून पाहावेत. त्यांची संख्या जास्त असते, त्यामुळे सगळे छर्रे एकाच वेळी जुन्या खळग्यांत बसत नाहीत आणि हँडल पुन्हा बऱ्यापैकी मोकळं होतं.

नव्या सायकलींचे मालक म्हणतील, आमच्याकडे बंदिस्त कार्ट्रिज बेअरिंग आहे, आम्हाला यातलं काही लागू नाही. हे अर्धंच खरं आहे. कार्ट्रिजमध्ये छर्रे आणि ग्रीस रबरी कड्यांच्या आत असतात, म्हणून सुटे छर्रे मोजण्याचा त्रास वाचतो. पण बेअरिंग ज्या खाचेत बसतं ती खाच बंदिस्त नसते. तिथे पाणी साचलं की बाहेरून गंज धरतो, करकर सुरू होते आणि कधी बेअरिंग खाचेतून निघायलाच तयार होत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर ते बाहेर काढून पुसावं, बोटानं फिरवून पाहावं, आणि खाचेला व वरच्या चिरलेल्या कड्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा. खरखर लागली तर तेवढं बेअरिंगच बदलावं; त्याच्या कडेवर मापं आणि कोन कोरलेले असतात आणि तेच सांगून नवं मागावं. आवळण्याचा नियम मात्र इथेही तोच. रबरी कडी पाणी अडवते, जादा दाब अडवत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. कोपऱ्यावर सायकलचं दुकान आहे, काम स्वस्तात होतं, मग घरी हात काळे का करायचे? दुकानातला मेकॅनिक या कामात घरच्या माणसापेक्षा तरबेज असतो, यात शंका नाही. पण तो सायकल पाहतो तेव्हा ती आधीच खडखडत असते, गिऱ्हाइकाला आवाज लगेच थांबलेला हवा असतो आणि रांगेत आणखी सायकली असतात. या परिस्थितीत नट आवळून देणं हाच सगळ्यांना परवडणारा तोडगा ठरतो. हेडसेटला हवी असलेली गोष्ट दुकान विकू शकत नाही: दर महिन्याला कुणीतरी बोटं ठेवून सांधा पाहणं. 'बिघडला की नवा बसवू' हेही वाटतं तितकं स्वस्त नाही. प्रत्येक बदलात वाट्या फ्रेममधून ठोकून काढाव्या लागतात, नव्या दाबून बसवाव्या लागतात, आणि वारंवार असं झालं तर फ्रेमची नळी सैल होते. वाटी फ्रेममध्येच हलू लागली तर कोणतीही जुळणी उपयोगी पडत नाही.

तेव्हा कामाची वाटणी अशी करता येईल. वाट्या काढणं-बसवणं, चिमट्याच्या खांद्यावरची वाटी उतरवणं, दांडी कापणं ही कामं योग्य हत्यारं असलेल्या दुकानाची. दांडीला चीर, आट्यांना इजा किंवा वाकलेला चिमटा दिसला तर सायकल चालवत दुकानात नेऊ नये, हातानं ढकलत न्यावी. बाकी सगळं, म्हणजे तपासणी, जुळणी आणि ग्रीस, घरच्या माणसाचं. काम झाल्यावर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावं. बेताच्या जोरानं ते घसरलं तर स्टेम किंवा खुंटी कमी आवळली गेली आहे. मग ब्रेक तपासावा, अंगणात किंवा गल्लीत एक हळू फेरी मारावी आणि नंतरच रस्त्यावर यावं. स्टेम, खुंटी आणि चेक नट घट्टच हवेत, तिथे सूट नाही. बेअरिंगवरचा दाब मात्र ढिलाई ज्या क्षणी जाते त्या क्षणापर्यंतच. ढिलाई गेली, हँडल स्वतःच्या वजनानं पडतं आहे, आणि तरीही पाना आणखी थोडा फिरवावासा वाटतो. तो तसाच खाली ठेवणं हेच या देखभालीतलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य आहे.